पार्बतीची समजूत

बायबलबाई म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आताच्या तरुण वाचकांतल्या कित्येकांनी ती पाहिलेलीच नाही. ज्यांनी पाहिली, त्यांना ती पांढऱ्या लुगड्यातली, काखेत झोळी लावून उन्हातून चाललेली एक बाई एवढीच आठवते. मी तीस वर्षं तशी चालले. सरकारी कागदावर मोमिनाबाद आणि लोकांच्या तोंडी आंबाजोगाई असलेल्या आमच्या गावाभोवती पाच-सहा कोसांत अशी एक वाडी नव्हती, की जिथलं कुत्रं मला ओळखत नव्हतं.

काम साधं होतं. पुरुष उपदेशक चावडीपुढं, पिंपळाखाली उभा राहून बोलायचा. त्याला घरात शिरता येत नसे. घरात, चुलीपाशी, विहिरीवर आम्ही जायचो. नेहमी दोघी, कारण एकट्या बाईनं वाटेनं जाणं बरं नव्हतं. झोळीत शुभवर्तमान, कुनैनच्या पुड्या, डोळ्यांचं औषध आणि स्वच्छ चिंध्या. खांद्यावर रंगीत चित्रांची लांब गुंडाळी. ती भिंतीला अडकवायची आणि एकेका चित्राची गोष्ट सांगायची. माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटायची. एक पाटलीण दाराआडून दोन वर्षं माझ्याकडून अक्षरं शिकली; मला वाटलं हिला वचन वाचायचंय. शिकून झाल्यावर तिनं माहेरी आईला पत्र लिहिलं आणि मला निरोप पाठवला, की आता येऊ नका. एका म्हातारीनं येशूचं चित्र मागून घेतलं आणि आपल्या कोनाड्यातल्या देवांत नेऊन ठेवलं. मी म्हणाले, आजी, असं चालत नाही. ती म्हणाली, "एकटा कावून ऱ्हाईल त्यो? चार जण असले म्हंजी बोलायला व्हतंय."

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात आणि बायबलबाईचं काम मोठं गोड होतं असं त्यांना वाटतं. पण कामाचा दुसरा अर्धा भाग कोणी विचारत नाही, आणि आम्हीही सांगत नाही. एखाद्या बाईला बाप्तिस्मा द्यायचा, तिला प्रभुभोजनाला बसू द्यायचं, की आधी मंडळीचे पंच मला विचारायचे: तिची चालचलणूक कशी आहे? घरी नवस-सायास करते का? नवऱ्याशिवाय कोणाकडे राहिली होती का? शिंदीच्या दुकानावर दिसते का? मी जे सांगेन त्यावर ठरायचं. ज्या चुलीपाशी बसून मी पाणी प्यायले, त्या चुलीची चहाडी मी शनिवारी पाळकांच्या ओट्यावर बसून करायची. हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तेव्हा आम्ही त्याला 'मंडळीची शुद्धता' म्हणत असू.

आणि शुद्धता कसली? आमच्या देवळात, चर्चला आमच्या लोकांत देऊळच म्हणत, महारवाड्यातली मंडळी डावीकडच्या चटईवर बसायची आणि मांगवाड्यातली उजवीकडच्या. मधे हातभर जमीन मोकळी असायची. त्या हातभर जमिनीबद्दल कधी कोणाला जाब विचारला गेला नाही. मी डावीकडची. मीही कधी विचारला नाही.

धोंडिबाची गाठ पडली ती त्याच्या मुलीच्या डोळ्यांमुळं. आंबाजोगाईपासून चार कोसांवरच्या वाडीतला हा मांग, केकताडाचे दोर वळायचा. मुलगी ठकू तेव्हा वर्षाची होती. डोळे पुवानं चिकटलेले, त्यावर माश्या. मी कोमट पाण्यानं ते धुतले, औषध घातलं, आठवडाभर रोज जाऊन घातलं. डोळे उघडले. धोंडिबा नंतर साऱ्यांना सांगायचा, की त्या बाईनं नाक न मुरडता हातानं पू पुसला, तेव्हाच मला कळलं ह्यांचा देव बरा असणार. माझ्या सगळ्या कामात कोणाला मी उपदेशाशिवाय देवाकडं आणलं असेल, तर या माणसाला. शिंदी त्यानं आपणहून सोडली. रविवारी चार कोस चालून देवळात यायचा आणि दाराशी बसायचा.

त्याला दोन बायका होत्या. थोरली सखू. तिला मूल होईना, म्हणून सात-आठ वर्षांनी तिनंच हट्ट धरून आपली धाकटी बहीण पार्बती नवऱ्याला करून दिली. माहेर दोघींचं सिरसाळ्याचं. पार्बतीला आधी किसन झाला, मग ठकू. त्या घरात बायकांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. एक केकताडाची पानं ठेचायची, दुसरी पीळ द्यायची. मुलं दोघींनाही 'माय'च म्हणायची. कोणती माय, हे हाकेच्या सुरावरून कळायचं.

दीड वर्षानं धोंडिबानं घरातल्या सगळ्यांसाठी बाप्तिस्मा मागितला. बीडहून पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा यायचे, त्यांच्यापुढं गोष्ट गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. पटकीच्या दिवसांत त्यानं स्वतः लोकांची हागवण धुतलेली मी पाहिली आहे. पण नियम म्हणजे नियम. ख्रिस्ती माणसाला एकच बायको. पहिली तीच खरी. दुसरी सोडल्याशिवाय बाप्तिस्म्याचं पाणी मिळणार नाही.

हे ऐकून सखू स्वतः आंबाजोगाईला आली. देवळाच्या पायरीवर उभी राहून तिनं साहेबांना सांगितलं, की मी जाते. मला लेकरं नाहीत, माझ्यावाचून कोणाचं अडणार नाही. पाळकांनी ते साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. पहिलं लग्न देवासमोरचं, ते मोडता येत नाही. दुसरं लग्नच नव्हे, त्यामुळं ते मोडायचा प्रश्न नाही. सखू माझ्याकडं वळली. मग मला म्हणाली, "बाई, जिला लेकरू न्हाई ती बायकू, अन् जिनं दोन जीव दिले ती कोन?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण साहेब तोवर घोड्यावर बसले होते.

पार्बतीची समजूत घालायचं काम माझ्याकडं आलं. ते माझ्याचकडं येणार होतं. बायकांशी बोलणं हाच माझा हुद्दा, आणि मी त्यात हुशार होते. मी तीन वेळा वाडीवर गेले. पहिल्या वेळी ती नुसती ऐकत राहिली. दुसऱ्या वेळी तिनं मला अडवलं. माझ्या गुंडाळीत शोमरोनी बाईचं चित्र होतं, विहिरीवर येशू तिच्याकडं पाणी मागतो ते. पार्बतीला ते फार आवडायचं. मी आले की तेच काढायला लावायची. त्या दिवशी मी गुंडाळी नेली नव्हती. तरी तिनं त्याचीच आठवण काढली.

"तुमीच सांगितलं ना बाई, तिला पाच नवरे झालते अन् सहावा संगं होता. तिला त्यानं जा म्हणलं न्हाई, उलट तिच्या हातचं पानी मागितलं. मग मला कावून घालवता?"

मी म्हणाले, की येशूनं तिला शेवटी सांगितलं, जा, पुन्हा पाप करू नकोस.

ते वाक्य दुसऱ्या गोष्टीतलं आहे, दुसऱ्या बाईला म्हटलेलं. मला ते ठाऊक होतं. पार्बतीला वाचता येत नव्हतं. तीस वर्षांत मी वचन मोडून-तोडून वापरलं असेल तर एकदाच, आणि ते या बाईविरुद्ध.

तिसऱ्या वेळी मी मुलांवर आले. किसन शाळेत जाईल, म्हणाले. ठकू वाचायला शिकेल. चावडीवरून हाक आली की यांना वेठीला धावावं लागणार नाही, कोणी यांच्या पाठीत लाथ घालणार नाही. हे सगळं तुझ्या एकटीपायी अडलंय. हे शेवटचं वाक्य मी हळू आवाजात म्हणाले होते, मायेनं. त्या वाक्यावर ती उठली आणि आत जाऊन आपलं एक लुगडं घडी करू लागली.

धोंडिबा बाहेर दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मला तेव्हा वाटलं, याचा विश्वास पक्का आहे. आता वाटतं, त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

दुपारी सखूनं मुलांना ओढ्यावर नेलं, तेवढ्यात पार्बती निघाली. सिरसाळ्यापर्यंत तिला पोचवायला मी आणि माझी जोडीदारीण बरोबर होतो. वाट दोन दिवसांची. ठकू दोन-अडीच वर्षांची असली तरी अंगावर पीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्याशी पार्बती थांबली. छाती दगडासारखी झाली होती. ती पाठमोरी बसली आणि दूध पिळून वाळूत टाकू लागली. मला म्हणाली, तुमी व्हा म्होरं. मी पुढं झाले नाही, पण जवळही गेले नाही. तिथं उभी राहून मी मनात स्तोत्र म्हणत होते. कोणतं ते आठवत नाही.

सिरसाळ्यात तिच्या भावानं काही विचारलं नाही. नवऱ्यानं टाकलेली बहीण दारात आली, एवढंच त्याला दिसलं. आम्ही पाणी न पिता परतलो. त्यांनी विचारलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी धोंडिबा, सखू आणि दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी नोंदीसाठी मुलांच्या आईचं नाव विचारलं. धोंडिबानं सखूकडं पाहिलं. सखूनं माझ्याकडं. मी म्हणाले, सखूबाई लिहा. मिशनच्या त्या वर्षीच्या अहवालात या कुटुंबाचा खास उल्लेख झाला आणि मडमसाहेबांनी मला एक चांगली छत्री दिली.

सखू देवळात नेमानं यायची, पण प्रभुभोजनाची भाकर फिरत आली की खाली बघायची आणि ताटली पुढं द्यायची. एकदा नाही, दर वेळी. मी तिला खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "भन भाहीर असताना माज्या गळ्याखाली घास उतरत न्हाई." हे पंचांच्या ध्यानात आलं. त्यांनी मला कारण विचारलं. खरं सांगितलं असतं तर हट्टी, अपश्चात्तापी म्हणून तिला मागच्या चटईवर बसवलं असतं. ज्यांच्यावर शिस्तीची कारवाई चालू असे ते तिथं बसत. मी म्हणाले, तिला पोटाचा विकार आहे, भाकर सोसत नाही. पंचांनी ते मानलं. माझ्या नोकरीतला तो पहिला खोटा अहवाल, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

पार्बती दर नाताळाला सिरसाळ्याहून चालत यायची, मुलांना बघायला. देवळाच्या बाहेर, खिडकीखाली बसायची. ठकू आता मिशनच्या शाळेत होती, मुलींत सगळ्यांत आधी वाचायला शिकली होती. नाताळच्या कार्यक्रमात ती उभी राहून वचन म्हणायची तेव्हा खिडकीच्या गजाला दोन हात धरलेले दिसायचे. मी बाहेर जाऊन तिच्या हातावर करंजी ठेवायचे. ती घ्यायची. मला वाटायचं, हिनं मला क्षमा केली. तिनं फक्त करंजी घेतलेली असायची.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग मानमोडीची साथ आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. ताप यायचा, मान वाकडी व्हायची, तिसऱ्या दिवशी माणूस जायचा. वाडीच्या वाड्या ओस पडल्या. सखू पहिल्याच आठवड्यात गेली. धोंडिबा आणि दोन्ही मुलं अंथरुणाला खिळलेली. कोणी निरोप नेला ठाऊक नाही, पण पार्बती आली. एकटी चालत आली, बहिणीला माती दिली होती तिथं जाऊन आली, आणि घरात शिरून चूल पेटवली. तिघंही वाचले. ती परत गेली नाही.

दोन महिन्यांनी धोंडिबा पाळकांकडं आला. म्हणाला, आता एकच बायको आहे. हिला बाप्तिस्मा द्या आणि आमचं लग्न देवळात लावून द्या. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच सुटल्यासारखं काहीतरी पाहिलं. मलाही वाटलं, देवानं अवघड वाटेनं का होईना, गाठ सोडवली.

पाळकांनी साहेबांना लिहिलं. उत्तर आलं: मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न लागत नाही. तसा विलायतेतल्या मंडळीचा जुना नियम आहे. शिवाय दोघं लग्नावाचून एका घरात राहत आहेत. महिन्याच्या आत तिनं निघून जावं, नाहीतर धोंडिबाचं नाव मंडळीतून कमी करावं. पुष्कळ वर्षांनी मडमसाहेबांनीच मला बोलता बोलता सांगितलं, की तो नियम त्यांच्या देशात सरकारनं त्याच्याही आधी उठवला होता. तिकडं सुटलेली गाठ इकडं आमच्या गळ्यात तशीच होती.

पाळक मला म्हणाले, सगुणाबाई, तुम्हीच जा. एकदा तुमचं ऐकलंय तिनं.

मी गेले. चार कोस चालले आणि वाटेत काय बोलायचं ते जुळवलं. अंगणात पार्बती दोर वळत होती, ठकू दुसऱ्या टोकाशी बसून पीळ धरून होती आणि मोठ्यानं काहीतरी पाठ म्हणून दाखवत होती. पार्बतीनं मला पाहिलं आणि हातातलं काम ठेवलं. मुलीला आत पाठवलं.

"बोला बाई," ती म्हणाली. "काय सोडायचं हाय आता?"

मी म्हणाले, काही नाही. पाणी प्यायला आले.

तिनं तांब्या आणून दिला. मी प्याले, थोडा वेळ बसले आणि परत आले. पाळकांना सांगितलं, की मी तिला काही बोलले नाही आणि बोलणार नाही. मला वाटत होतं, माझ्या या नकारानं काहीतरी थांबेल. माझं गावोगाव फिरणं तीन महिने बंद करून मला मुलींच्या शिवणकामावर बसवलं, एवढंच झालं. महिना भरल्यावर रविवारी पाळकांनी धोंडिबाचं नाव वाचलं. असं नाव वाचताना सगळी मंडळी उभी राहायची, तशी राहिली. मीही राहिले. बसून राहण्याचं मला सुचलं नाही, हे खरं सांगते. पायच आपोआप उठले.

धोंडिबा त्या दिवशी देवळात होता. नाव ऐकून तो उभा राहिला, इतरांसारखाच, त्याला वाटलं असेल उभं राहायचं असतं. मग त्यानं पागोटं उचललं, उजवीकडच्या मुलींतून ठकूला आणि मुलांतून किसनला हाक मारली आणि तिघं बाहेर गेली. मुलं शाळेत परत आली नाहीत. ठकू तेव्हा माझ्यापेक्षा भरभर वाचत होती. तिनं बायबलबाई व्हावं, माझ्यामागं झोळी तिनं घ्यावी, असं मी मनात धरलं होतं. ती त्या वर्षापासून दोर वळू लागली.

यात वाईट माणूस कोण होता, ते मला आजवर सापडलेलं नाही. साहेबांनी आयुष्य आमच्यासाठी घातलं, त्यांची कबर इथंच आहे. पाळक मानमोडीत रोज पाच-पाच माणसं पुरून यायचे. आम्ही सगळी चांगली माणसं होतो. देवळाचं दार आम्ही उघडं ठेवलं होतं. फक्त आत येणाऱ्यानं आधी नीट होऊन यावं, एवढीच आमची अट होती. ज्याला नीट होता येत नव्हतं, त्यानं कुठं जाऊन नीट व्हावं, हे आम्ही सांगितलं नाही.

माझं काम सुटल्यावर चार वर्षांनी आमच्याकडं नवे पाळक आले. तरुण, आपल्याच मुलखातले. त्यांनी आल्या आल्या दोन चटया उचलून एकच मोठी जाजम अंथरली, त्यावरून दोन घरं महिनाभर आली नाहीत, पण मग आली. मागची चटईही त्यांनी काढून टाकली. जुनी कागदपत्रं वाचताना त्यांना धोंडिबाचं नाव सापडलं. मला विचारलं. मी सगळं सांगितलं, वचन मोडल्याचंसुद्धा. ते म्हणाले, त्यांना बोलावू या, काही विचारू नका, नुसतं या म्हणा.

मी छकडा करून गेले. आता पाय चालत नाहीत. धोंडिबा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याला कुठं पुरलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. किसन परळीला रेल्वेच्या कामावर, ठकू लग्न होऊन दूर. पार्बती एकटीच होती. केस पांढरे झालेले, बोटं वाकलेली. तिनं मला घोंगडी टाकून बसवलं. मी सांगितलं, नवे पाळक आहेत, नियम बदललेत, आता ये. कोणी काही विचारणार नाही, तुला सगळ्यांत पुढं बसवतील.

तिनं नीट ऐकलं. "लई बरं झालं," म्हणाली. "पर बाई, मला पुढं बसायचं न्हवतं. मला सखूच्या अन् लेकरांच्या संगं बसायचं व्हतं."

मग ती भाकरी थापायला उठली. मी तिच्या पाठीकडं बघत बसले होते, आणि इतक्या वर्षांत जे तिच्यापुढं म्हटलं नव्हतं ते म्हणाले: पार्बती, चूक माझी होती. मी तुला फसवलं. ती गोष्ट मी तुला खोटी सांगितली.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. रागाचं नाव नव्हतं तिच्या चेहऱ्यावर; उलट मला वाईट वाटू नये म्हणून ती हसली.

"तुमी कावून मनाला लावून घेता बाई," ती म्हणाली. "तुमचं काय बी न्हवतं त्यात. तुमी निस्तं सांगितलेलं सांगितलं."

तिनं भाकरीवर मीठ-मिरची ठेवून ताटली माझ्यापुढं सरकवली. मी खाल्ली. माझ्या कामाबद्दल निरोपाच्या सभेत पुष्कळांनी पुष्कळ चांगलं म्हटलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आता मला आठवत नाही.